सहा महिन्यांचा उपचार आणि बोटांना न लागलेला चटका : औषधरोधी क्षयरोगाच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पुण्याच्या मध्यवस्तीत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी पोळीभाजीचे डबे करून देणाऱ्या ४४ वर्षांच्या एका महिलेला गेल्या वर्षी रिफाम्पिसिनला, म्हणजे क्षयाच्या नेहमीच्या उपचारातल्या मुख्य औषधाला, दाद न देणारा फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले, आणि बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारपद्धतीने, म्हणजे ‘बीपाल-एम’ने, त्या बऱ्या झाल्या. प्रकरण मांडण्याचे कारण मात्र तेवढेच नाही. उपचाराच्या तेराव्या आठवड्यात त्यांच्या बोटांची संवेदना गेल्याचे लक्षात आले, त्यांना मधुमेहही होता, आणि हा दोष औषधाचा की साखरेचा हे ठरवून त्यावर कृती करणे हा या उपचारातला सर्वांत अवघड निर्णय ठरला. मी छातीरोगतज्ज्ञ म्हणून या रुग्णावर पहिल्या दिवसापासून देखरेख ठेवली. ओळख पटू नये म्हणून व्यक्तिगत तपशील बदलले आहेत.

निदानापर्यंत

दोन महिने खोकला, संध्याकाळची कणकण आणि सुमारे सहा किलो वजनघट अशा तक्रारी घेऊन त्या आल्या तेव्हा त्यांचे वजन ४३ किलो होते. मधुमेह सात वर्षांपासून होता, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू होते, तरीही एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, ९.८ टक्के होते. त्याआधी घराजवळच्या एका दवाखान्यातून त्यांना खोकल्यासाठी दोनदा लेव्होफ्लॉक्सॅसिनचा पाच-पाच दिवसांचा कोर्स मिळाला होता आणि दोन्ही वेळा आठवडाभर बरे वाटले होते. हे बरे वाटणेच घातक असते, कारण लेव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ज्या गटात मोडतात त्या गटातली औषधे क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबतात. त्यामुळे निदान लांबते, आणि जंतूंना पुढच्या उपचारातल्या एका महत्त्वाच्या औषधाची सवय होण्याची संधी मिळते.

छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसली. बेडक्याची तपासणी केवळ सूक्ष्मदर्शकाखाली न करता सीबी-नॅटवर केली. हे यंत्र सुमारे दोन तासांत क्षयजंतूंचे अस्तित्व सांगते आणि त्याच वेळी त्यांच्या आरपीओबी जनुकात रिफाम्पिसिनला निष्प्रभ करणारा बदल आहे का हेही दाखवते. उत्तर होकारार्थी आले. या महिलेला पूर्वी कधीच क्षयरोग झालेला नव्हता, म्हणजे अर्धवट सोडलेल्या उपचारातून त्यांच्या शरीरात ही रोधकता तयार झालेली नव्हती. दुसऱ्या कोणाकडून औषधरोधी जंतूच थेट त्यांच्या फुप्फुसात आले होते. ‘औषधे बुडवणाऱ्यांनाच असा टीबी होतो’ हा समज रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये आहे आणि खेदाने सांगावे लागते की तो आमच्या व्यवसायातही आहे. जुन्या रीतीने नुसते बेडक्यात जंतू आहेत एवढेच पाहिले असते, तर त्यांना नेहमीची चार औषधे सुरू झाली असती आणि त्यांतले मुख्य औषध पहिल्या दिवसापासून निरुपयोगी ठरले असते.

लेव्होफ्लॉक्सॅसिनच्या त्या दोन कोर्सेसमुळे मॉक्सिफ्लॉक्सॅसिन चालेल का याची चिंता होती. जंतूंच्या जनुकांतले बदल पाहून कोणते औषध चालेल हे सांगणाऱ्या लाइन प्रोब तपासणीचा अहवाल पाचव्या दिवशी आला आणि जंतू या गटाला संवेदनशील निघाले. तसे नसते तर मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वगळून उरलेल्या तीन औषधांवर उपचार करावे लागले असते.

उपचाराची निवड

सासूबाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, “सुनेला आता औंधला ठेवावं लागेल का?” त्यांच्या पिढीला क्षय म्हटला की औंधचे उरो रुग्णालय किंवा मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधाम आठवते. घरी राहून औषधे घेणाऱ्या रुग्णाचा परिणाम आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णापेक्षा वाईट नसतो आणि घरच्यांचा धोकाही त्यामुळे वाढत नाही, हे मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. जगभरची आरोग्यधामे ओस पडण्यात त्या भारतीय अभ्यासाचा मोठा वाटा आहे. मी त्यांना एवढेच सांगितले, की सूनबाई घरीच राहतील, मात्र बेडका स्वच्छ होईपर्यंत हवेशीर खोलीत वेगळ्या झोपतील आणि तोवर डब्यांचे काम बंद राहील.

औषधरोधी क्षयाचा उपचार काही वर्षांपूर्वीपर्यंत कसा होता हे आठवल्याशिवाय सहा महिन्यांची किंमत कळत नाही. तो अठरा ते वीस महिने, आणि पुढे निवडक रुग्णांमध्ये नऊ ते अकरा महिने चालत असे. कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत आणि त्यांनी अनेकांची श्रवणशक्ती कायमची गेली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असे सांगितले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी क्षयाच्या उपचारात श्रवणशक्ती गमावली. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिनवरील पेटंटची मुदत वाढवण्यास भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो वाढीव अर्ज फेटाळला. मूळ पेटंट त्याच वर्षी जुलैत संपले. आज माझ्या रुग्णाच्या हातात ही गोळी पडते त्यामागे स्वतःचे ऐकू येणे गमावलेल्या दोन स्त्रियांचा हा झगडाही आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही असे मला वाटते.

बेडाक्विलिन क्षयजंतूंची ऊर्जानिर्मिती थांबवते. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली तेव्हा सुमारे चाळीस वर्षांनी क्षयासाठी औषधांचा एक नवा वर्ग आला होता. प्रेटोमॅनिडला तेथेच २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ही दोन औषधे आणि लिनेझोलिड यांची जोड दक्षिण आफ्रिकेत ‘निक्स-टीबी’ चाचणीत १०९ रुग्णांना देण्यात आली. ते सर्व अत्यंत अवघड प्रकारच्या क्षयाचे रुग्ण होते आणि त्यांच्यापैकी ९० टक्क्यांना गुण आला. मात्र तेथे लिनेझोलिड रोज १२०० मिलिग्रॅम दिले होते आणि ८१ टक्के रुग्णांच्या हातापायांच्या नसांना इजा झाली. ‘झिनिक्स’ या पुढच्या चाचणीने मात्रेचा प्रश्न हाती घेतला. रोज ६०० मिलिग्रॅम २६ आठवडे दिल्यास ९१ टक्क्यांना गुण आला आणि नसांची इजा २४ टक्क्यांवर आली. तीच मात्रा ९ आठवड्यांतच थांबवली तर इजा १३ टक्क्यांपर्यंत उतरली, पण गुण येण्याचे प्रमाणही ८४ टक्क्यांवर आले. ‘टीबी-प्रॅक्टिकल’ चाचणीत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन जोडलेल्या गटात ८९ टक्क्यांना गुण आला, तर तोवरच्या रूढ उपचाराच्या गटात ५२ टक्क्यांना. तेथे लिनेझोलिड पहिले १६ आठवडे ६०० आणि नंतर ३०० मिलिग्रॅम होते. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने भारताच्या कार्यक्रमात तिला मान्यता दिली.

हे आकडे येथे विस्ताराने देण्याचे कारण असे, की तेराव्या आठवड्यात निर्णय घेताना माझ्यासमोर हेच आकडे होते.

पहिल्या दिवसाची नोंद

२४ मार्चला उपचार सुरू झाला. त्याआधी ईसीजी, रक्तगणना, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, पोटॅशियम, एचआयव्ही आणि गर्भधारणेची तपासणी झाली. त्याशिवाय दोन्ही पायांच्या तळव्यांवर दहा ठिकाणी १० ग्रॅमचा नायलॉन तंतू टेकवून आणि अंगठ्यावर स्वरकाटा ठेवून संवेदना तपासली, अक्षरांचा तक्ता व रंगांची इशिहारा पुस्तिका दाखवून डोळे तपासले, आणि हे सारे केसपेपरवर लिहिले. दहाही ठिकाणी तंतू जाणवत होता, स्वरकाट्याची कंपनेही जाणवत होती. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी हीच पाच मिनिटे वाचवली जातात, आणि या रुग्णाच्या बाबतीत ती वाचवली असती तर पुढचा निर्णय निव्वळ अंदाजावर घ्यावा लागला असता.

ग्लिमेपिराइड बंद करून दिवसभर संथपणे काम करणारे बेसल इन्सुलिन सुरू केले, कारण मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्यांसोबत साखर अचानक खाली आणू शकते. लिनेझोलिडमुळेही साखर उतरल्याच्या नोंदी आहेत, म्हणून इन्सुलिनची मात्रा लहान ठेवली आणि घरी ग्लुकोमीटर दिला. बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम आणि नंतर आठवड्यातून तीनदा २०० मिलिग्रॅम, बाकीची तिन्ही औषधे रोज, सर्व जेवणानंतर. क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेची दरमहा १००० रुपयांची मदत खात्यात जमा होऊ लागली. अठरा वर्षांच्या मुलीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. औषधरोधी क्षयरुग्णाच्या घरातील व्यक्तींना सहा महिने लेव्होफ्लॉक्सॅसिन देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये केली आहे, त्यानुसार तिला ते सुरू केले. बारावीचा निकाल यायचा होता आणि आईच्या गोळ्यांपेक्षा स्वतःच्या गोळ्यांनी ती अधिक घाबरली होती.

पहिल्या महिन्यात मळमळ सोडली तर त्रास नव्हता. आठव्या आठवड्यात घेतलेल्या बेडक्याच्या नमुन्यात जंतू वाढले नाहीत. वजन ४७ किलो झाले. अहवाल हाती आल्यावर हळूहळू काम सुरू करण्यास मी परवानगी दिली.

तेरावा आठवडा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. गल्लीतल्या मंडळाने वारकऱ्यांसाठी जेवण ठेवले होते आणि दरवर्षीप्रमाणे या महिलेने पोळ्यांची जबाबदारी घेतली. अनेक वर्षांच्या सवयीने त्या तव्यावरची पोळी उलथन्याऐवजी बोटांनीच उलटत. त्या सकाळी मुलीने ओरडून त्यांचा हात मागे ओढला, कारण बोटे तव्याला टेकलेली होती आणि त्यांना ते कळलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

पायांना मुंग्या येत होत्या का, असे मी दर भेटीत विचारत आलो होतो आणि उत्तर ‘नाही’ असे येत होते. आता कळले, की मुंग्या तीन आठवड्यांपासून होत्या. “शुगरवाल्यांना येतातच की डॉक्टर, माझ्या आईलाही यायच्या,” असे त्यांचे म्हणणे होते, आणि टीबीच्या गोळ्यांशी त्याचा काही संबंध असेल असे त्यांना वाटलेच नव्हते. प्रश्न विचारण्यात माझीच चूक झाली होती. ‘मुंग्या येतात का’ एवढे विचारून भागत नाही; चप्पल पायातून निसटली तर कळते का, फरशी गार लागते का, रात्री पांघरूण पायाला टोचते का, असे रोजच्या वावरातले प्रश्न विचारावे लागतात, आणि मुंग्या साखरेच्या वाटल्या तरी सांगा असेही स्पष्ट बजावावे लागते.

याहून गंभीर गोष्ट त्यांच्या पिशवीतून निघाली. मुंग्यांसाठी त्या ओळखीच्या एका दवाखान्यात गेल्या होत्या आणि तेथून रात्री घ्यायची अॅमिट्रिप्टिलिनची आणि सकाळी घ्यायची लोहाची गोळी मिळाली होती. मधुमेहातल्या नसांच्या त्रासासाठी अॅमिट्रिप्टिलिन हे अगदी रास्त औषध आहे. पण लिनेझोलिड मेंदूतल्या सेरोटोनिनचे विघटन सौम्यपणे रोखते, त्यामुळे या जोडीने सेरोटोनिन साचून ताप, थरथर आणि गोंधळ होण्याचा धोका असतो. शिवाय बेडाक्विलिन व मॉक्सिफ्लॉक्सॅसिनमुळे हृदयाच्या ठोक्यातले जे क्यूटी अंतर आधीच लांबलेले असते, ते अॅमिट्रिप्टिलिनने आणखी लांबते. चार दिवसांत सुदैवाने सेरोटोनिनची लक्षणे आली नव्हती, पण ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेले क्यूटी अंतर आधीच्या ४५२ वरून ४८६ मिलिसेकंदांवर गेले होते. ५०० ही थांबण्याची रेषा असते. लोहाची गोळी त्या मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसोबतच घेत होत्या आणि लोह या औषधाचे आतड्यातले शोषण अडवते.

त्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांना क्षयाच्या उपचारांची काहीच कल्पना नव्हती, कारण रुग्णाने सांगितलेच नव्हते. डब्यांची गिऱ्हाइके त्याच गल्लीतली, दवाखान्यात बसणारीही तीच. टीबीचे नाव तेथे उच्चारले गेले तर तवा कायमचा थंड होईल ही त्यांची भीती होती. या भीतीला मी निराधार म्हणू शकत नाही. त्यानंतर आम्ही त्यांना एक छोटे कार्ड दिले, ज्यावर आजाराचे नाव न लिहिता चालू असलेल्या चार औषधांची नावे आणि ‘नवे औषध देण्यापूर्वी कृपया या क्रमांकावर विचारावे’ एवढेच लिहिले आहे.

दोष कोणाचा

तपासणीत दोन्ही पायांवर दहापैकी सहा ठिकाणी तंतू जाणवत नव्हता, घोट्यापर्यंत बधिरता होती आणि हातांच्या बोटांची टोके बधिर होती. हिमोग्लोबिन ११.२ वरून ९.१ वर आले होते. दृष्टी आणि रंगओळख उत्तम होती.

शक्यता तीन होत्या. पहिली, जुन्या मधुमेहाने होणारी नसांची इजा; ती वर्षानुवर्षे सावकाश वाढते, आणि मार्चमध्ये दहाही ठिकाणची संवेदना शाबूत असल्याची लेखी नोंद असल्याने तीन महिन्यांत एवढी घसरण केवळ तिने होणे संभवत नव्हते. दुसरी शक्यता अनेकांच्या ध्यानात येत नाही: खूप वाढलेली साखर वेगाने खाली आणली तर त्यामुळेही नसांचा तीव्र त्रास सुरू होऊ शकतो. या महिलेचे एचबीए१सी तीन महिन्यांत ९.८ वरून ७.६ वर आले होते, म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक उतरले होते. मात्र त्या प्रकारात असह्य जळजळ आणि वेदना प्रमुख असतात. येथे वेदना जवळजवळ नव्हत्या, बधिरता होती. शिवाय रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचे काम मंदावलेले असताना एचबीए१सीच्या आकड्यावर पूर्ण विसंबता येत नाही. तिसरी शक्यता लिनेझोलिडची. हे औषध जंतूंच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेवर, काम करते, पण आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांची प्रथिननिर्मितीही काही प्रमाणात रोखते. म्हणून नसा आणि अस्थिमज्जा या दोघांना एकाच सुमारास झळ बसते. येथे नेमके तसेच घडले होते. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन पुरेसे होते, म्हणजे रक्त लोहाअभावी घटलेले नव्हते.

पूर्ण खात्री मला तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. साखरेचा थोडा हात असेलही. पण या कारणांपैकी ज्याची मात्रा त्याच दिवशी कमी करता येत होती असे एकच होते.

तरीही लिनेझोलिड बंद करून टाकणे सोपे नव्हते. फुप्फुसात पोकळी होती, उपचाराचे अर्धे दिवस शिल्लक होते, आणि ९ आठवड्यांवर थांबणाऱ्यांमध्ये गुण येण्याचे प्रमाण घटते हे ‘झिनिक्स’ने दाखवले होते. दुसरीकडे, उभे राहून आणि हातांनी काम करणाऱ्या मधुमेही स्त्रीच्या पायाची संवेदना कायमची गेली तर क्षयातून वाचूनही त्या पायाला न कळलेल्या जखमेतून काय होऊ शकते हे पुण्यातल्या कोणत्याही शल्यचिकित्सा विभागात पाहायला मिळते. औषधरोधी क्षयाच्या समितीपुढे प्रकरण ठेवले. समितीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत सोळा आठवडे पूर्ण मात्रा द्यावी असे होते आणि त्याला ‘टीबी-प्रॅक्टिकल’चा आधार होता. माझे म्हणणे असे होते, की बेडक्यातील जंतू आठव्या आठवड्यातच वाढेनासे झाले आहेत, पूर्ण मात्रेचे बारा आठवडे पार पडले आहेत, आणि नसांची इजा ज्या टप्प्यावर आहे तेथून ती परतू शकते. आणखी तीन आठवड्यांनी परतेलच असे नाही. शेवटी लिनेझोलिड आठ दिवस थांबवून, बाकी तिन्ही औषधे चालू ठेवून, नंतर ते ३०० मिलिग्रॅमने अखेरपर्यंत द्यायचे ठरले. निर्णय रुग्णाला सविस्तर सांगितला. त्यांनी विचारले, “गोळी कमी केली तर टीबी परत येईल का?” धोका किंचित वाढतो, पण पुढचे नमुने दर महिन्याला तपासू, असे मी उत्तर दिले.

अॅमिट्रिप्टिलिन आणि लोह बंद केले. एका आठवड्यात क्यूटी ४६० वर आले. पिरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, आधीपासून चालू होते. लिनेझोलिडने होणाऱ्या नसांच्या इजेवर त्याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, म्हणून त्याची मात्रा वाढवली नाही. अनवाणी चालणे बंद, रोज रात्री मुलीने तळवे पाहायचे, आणि तव्यावर उलथने. यातले उलथने त्यांना सर्वांत जड गेले; त्याने पोळी फुगत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

अखेर आणि त्यानंतर

चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १०.४ वर आले. बेडक्याचे पुढचे सर्व नमुने जंतुविरहित राहिले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटच्या गोळ्या घेतल्या. त्या वेळी वजन ५१ किलो होते आणि एक्स-रेमधली पोकळी आकसून व्रण उरला होता. मुलीचाही प्रतिबंधक कोर्स जवळजवळ त्याच सुमारास संपला.

उपचार संपल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी करायची आहे. त्यातली पहिली झाली आहे. बेडका स्वच्छ आहे. हातांच्या बोटांची संवेदना पूर्ण परत आली. पायांवर दहापैकी आठ ठिकाणी तंतू जाणवतो. दोन्ही अंगठ्यांखाली अजून जाणवत नाही. घराजवळच्या त्या दवाखान्यात त्या आता आपला आजार सांगतात. डबे पूर्वीइतकेच, चाळीसच्या घरात, जातात, आणि पुढची तारीख त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.